१००-४०० की २००-६००? पल्ले एकमेकांवर चढलेल्या टेलिफोटो लेन्समधून निवड करताना

१००-४००, १००-५००, १५०-६००, १८०-६००, २००-६००, २००-८००. वन्यजीवांच्या फोटोंसाठी लेन्स शोधायला बसलं की हे आकडे (लेन्सच्या फोकल लेंथचा पल्ला, मिलिमीटरमध्ये; आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) एकामागून एक समोर येतात आणि डोकं चक्रावतं, कारण प्रत्येक लेन्सचा निम्मा पल्ला दुसरीतही असतोच. २०० ते ४०० मिमी हा भाग तर सगळ्यांतच आहे. त्यात ७०-२०० ला टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी, फोकल लेंथ वाढवणारी जोडकाच) लावून ४०० गाठता येतं, शिवाय ४०० आणि ६०० च्या हलक्या प्राइम (झूम नसलेल्या, एकाच फोकल लेंथच्या) लेन्स निघाल्या आहेत. मग ठरलेले प्रश्न पडतात. माझ्याकडे १००-४०० आहे, २००-६०० घेतली तर नवीन काय मिळेल? दोन्ही ठेवल्या तर पैसे वाया गेले का? १००-५०० हा मधला मार्ग आहे का?

माझं म्हणणं असं, की दोन लेन्समध्ये जो पल्ला सामाईक आहे तो सुरुवातीला हिशेबातून काढूनच टाकावा. तो दोघींकडे आहे, त्यामुळे निवडीत त्याचं वजन शून्याच्या जवळ. पाहायचं ते टोकांकडे, आणि वन्यजीवांच्या बाबतीत आधी लांबच्या टोकाकडे. तिथे फक्त मिलिमीटर वाचून थांबायचं नाही. त्या मिलिमीटरला एफ नंबरने (एफ/५.६ असा लिहिलेला आकडा; फोकल लेंथ तीच असेल तर तो जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं) भागून येणारा आकडा काढायचा. हा एक आकडा हाताशी असला की निम्मा गोंधळ निवळतो. तो का महत्त्वाचा हे सांगण्यासाठीच हा सगळा लेख आहे.

ही गर्दी झाली कशी

डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या काळात हौशी माणसासाठी पर्याय मोजके होते. ३०० एफ/४, ४०० एफ/५.६ अशा प्राइम, नाहीतर १००-४०० झूम. कॅननची पहिली १००-४०० १९९८ सालची. ६०० मिमी हवं तर एफ/४ ची अवजड आणि भयंकर महाग प्राइम, मधलं काही नाही. टॅमरॉनने २०१३ च्या अखेरीस १५०-६०० जाहीर केली, पाठोपाठ सिग्माने २०१४ मध्ये त्याच पल्ल्याच्या दोन लेन्स आणल्या, निकॉनने २०१५ मध्ये २००-५०० एफ/५.६ काढली आणि ६०० च्या आसपासचा प्रदेश सामान्य फोटोग्राफरला खुला झाला.

दुसरा बदल मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांमुळे झाला. डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंत, चांगल्या बॉडीत (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) एफ/८ पर्यंत भरवशाचा होता, म्हणून लेन्स बनवणारे त्यापलीकडे सहसा जात नसत. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच होतो आणि ही मर्यादा बरीच सैल झाली. म्हणून आज एफ/७.१ वर संपणारी १००-५००, एफ/९ वर संपणारी २००-८००, इतकंच काय, कॅननच्या २०२० सालच्या ६०० आणि ८०० मिमी एफ/११ अशा लेन्सही मिळतात. मिलिमीटर वाढवायचे आणि एफ नंबरही वाढू द्यायचा, असा हा सौदा आहे. तो आपल्या फायद्याचा आहे की नाही, ते लेन्सच्या नावावरून कळत नाही.

१५ मीटरवरची चिमणी

आधी मिलिमीटरचं बघू. चिमणी साधारण १५ सेंटिमीटर लांब असते. ती १५ मीटरवर एका फांदीवर बसली आहे असं धरा. लेन्स सेन्सरवर तिची केवढी प्रतिमा पाडेल याचं गणित सोपं आहे: फोकल लेंथला चिमणीच्या लांबीने गुणायचं आणि अंतराने भागायचं. ४०० मिमीवर ही प्रतिमा ४ मिलिमीटर येते, ६०० वर ६ मिलिमीटर आणि ८०० वर ८ मिलिमीटर. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे ४०० वर चिमणी फ्रेमचा नववा हिस्सा व्यापते, ६०० वर सहावा, आणि ८०० वरही पाव फ्रेम भरत नाही. छोट्या पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना कितीही लांब लेन्स असली तरी अपुरी का वाटते, त्याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे.

दोन लेन्समधला फरक अंतराच्या भाषेत मांडला की लगेच पटतो. ४०० वरून ६०० वर जाणं म्हणजे १५ मीटरवरची चिमणी १० मीटरवर येऊन बसणं. हा फरक दणदणीत आहे. ५०० वरून ६०० वर जाणं म्हणजे १२ मीटरवरची चिमणी १० मीटरवर येणं. फरक आहे, पण तेवढ्यासाठी हातातली चांगली १००-५०० विकायला मी कुणाला सांगणार नाही. ५०० आणि ६०० हे शेजारी आहेत, ४०० आणि ६०० नाहीत. इथे वजाबाकी करू नका, भागाकार करा. १०० मिमीचा फरक ३०० आणि ४०० च्या मध्ये मोठा असतो, ७०० आणि ८०० च्या मध्ये किरकोळ.

आता नेहमीचा आक्षेप: माझ्याकडे ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, मी ४०० वर काढून क्रॉप करीन (कडा कापून मधला भाग मोठा करीन), ६०० कशाला? आक्षेप रास्त आहे आणि तो आकड्यांत तपासता येतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर ६०० ने काढलेली आपली चिमणी सुमारे १००० पिक्सेल लांब येते. ४५ मेगापिक्सेलवर ४०० ने काढलेली ९१७. जवळजवळ सारखीच. पिक्सेल मोजून थांबायचं तर जास्त मेगापिक्सेलची बॉडी लांब लेन्सचं बरंचसं काम करते. पण पिक्सेल म्हणजे नुसत्या चौकटी. त्या चौकटींत पक्ष्यावरून आलेला उजेड किती पडला, हा प्रश्न वेगळा आहे आणि जास्त महत्त्वाचा आहे.

मिलिमीटर भागिले एफ नंबर

लेन्स पूर्ण उघडी ठेवून समोरून आत पाहिलं की उजेड शिरायची एक गोल जागा दिसते. तिचा व्यास म्हणजे फोकल लेंथ भागिले एफ नंबर. ४०० मिमी एफ/५.६ चा व्यास ७१ मिलिमीटर, ६०० मिमी एफ/६.३ चा ९५ मिलिमीटर. चिमणीच्या अंगावरून परतलेला उजेड सगळीकडे पसरत असतो आणि त्यातला जेवढा या गोलातून आत शिरेल तेवढाच फोटोत उतरतो. अंतर तेच, शटर स्पीड तोच, तर त्या चिमणीचा एकूण किती उजेड तुम्ही गोळा केलात हे या गोलाच्या क्षेत्रफळावर ठरतं.

७१ आणि ९५ चं क्षेत्रफळ काढलं तर दुसरं पहिल्याच्या सुमारे १.८ पट भरतं. म्हणजे एफ/६.३ ची ‘स्लो’ म्हणवली जाणारी लेन्स एफ/५.६ च्या लेन्सपेक्षा त्या चिमणीचा पावणेदोन पटींहून जास्त उजेड आणते. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं, कारण कॅमेऱ्यावर दिसणारे आकडे वेगळंच सांगतात. १/२००० सेकंदाला एफ/५.६ वर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० लागत असेल तर एफ/६.३ वर ४००० लागेल. नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके) ६०० मध्येच जास्त हवा, नाही का? पूर्ण फ्रेम बघितली तर किंचित जास्त असतोही. पण आपण पूर्ण फ्रेम बघत नाही, चिमणी बघतो. ४०० चा फोटो ६०० एवढा दिसावा म्हणून क्रॉप केला की सेन्सरचा ४४ टक्केच भाग हातात उरतो आणि त्या भागातला नॉइज मोठा होऊन डोळ्यांसमोर येतो. दोन्ही फोटोंत चिमणी सारख्या आकाराची करून ठेवा, ६०० चा फोटो स्वच्छ दिसेल.

मागची पार्श्वभूमी किती विरघळेल, तेही याच व्यासावर ठरतं. त्याच जागेवरून, त्याच पक्ष्याचा, शेवटी त्याच आकाराचा फोटो हवा असेल तर दूरच्या झाडीचा धुरळा ९५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये ७१ वाल्या लेन्सपेक्षा जास्त मऊ होतो. एफ/५.६ विरुद्ध एफ/६.३ असा वाद घालणाऱ्यांच्या हातून ही गोष्ट निसटते.

आता बाजारातल्या लेन्स घेऊन हा भागाकार करत सुटलं की मजेशीर चित्र उभं राहतं. वेगवेगळ्या नावांच्या, वेगवेगळ्या पल्ल्यांच्या या लेन्स तीन घराण्यांत जाऊन बसतात.

पहिलं घराणं सत्तरीचं. १००-४०० एफ/५.६ चे ७१ मिलिमीटर. १००-५०० चे, एफ/७.१ वर, ७०. ७०-२०० एफ/२.८ ला दोन पट टेलिकन्व्हर्टर लावला की ४०० एफ/५.६ होतं, म्हणजे पुन्हा ७१. ३०० एफ/४ चे ७५. आणि ती ८०० मिमी एफ/११, जिचं नाव ऐकून माणूस हरखतो, तिचे ७३. छोट्या, दूरच्या पक्ष्याच्या बाबतीत या सगळ्या जणी उजेड जवळपास सारखाच आणतात. कोण तो प्रतिमेत जास्त मोठा पसरवते, कोण कमी, एवढाच फरक. १००-४०० आणि १००-५०० या दोघींत गुणवत्तेची उडी शोधणाऱ्याला ती सापडत नाही, त्याचं कारण हे.

दुसरं घराणं नव्वदीचं. १५०-६००, १८०-६००, २००-६०० या सगळ्या एफ/६.३ वर संपतात आणि सगळ्यांचे ९५ मिलिमीटर. ५०० एफ/५.६ चे ८९, ४०० एफ/४.५ चे ८९, २००-८०० चे एफ/९ वर ८९. तिसरं घराणं मोठ्या काचांचं: ५०० एफ/४ चे १२५, ८०० एफ/६.३ चे १२७, ४०० एफ/२.८ चे १४३, ६०० एफ/४ चे १५०. ९५ वरून १५० वर गेलं की उजेड अडीच पट होतो. पहाटेच्या अंधुक उजेडात काढलेले ते स्वच्छ फोटो कुठून येतात याचं मोठं कारण इथे आहे.

पल्ले एकमेकांवर चढलेल्या दोन लेन्स समोर आल्या की मी आधी बघतो, दोघी एकाच घराण्यातल्या आहेत की वेगळ्या. एकाच घराण्यातल्या असतील तर फोटोच्या दर्जाचा विचार जवळजवळ बाजूला ठेवून वजन, जवळचं टोक, हाताळणी यांवर निर्णय घेता येतो. घराणी वेगळी असतील तर पल्ला कितीही सारखा दिसो, त्या दोन वेगळ्या कामांच्या लेन्स आहेत.

हा नियम कुठे उलटतो

प्राणी फ्रेममध्ये मावत नसेल तिथे. दीड मीटर लांबीचं हरीण २० मीटरवर उभं आहे. ४०० मिमीवर त्याची प्रतिमा ३० मिलिमीटर येते, म्हणजे फ्रेम जवळपास भरलीच. इथे ६०० मिमीचा काहीच उपयोग नाही. २००-६०० असली तरी तुम्ही ती ४०० वर आणणार, आणि सोनीच्या २००-६०० मध्ये ४०० ला एफ/६.३ च मिळतं. भागाकार केला तर ६३ मिलिमीटर. शेजारी १००-४०० त्याच ठिकाणी एफ/५.६ देते, म्हणजे ७१. सामाईक पल्ल्यात लहान लेन्सच थोडी उजवी ठरते. कॅननच्या २००-८०० मध्येही हाच प्रकार आहे: ६०० वर ती एफ/८ ला आलेली असते, म्हणजे ७५ मिलिमीटर, आणि एफ/६.३ च्या ६०० समोर तिथे कमी पडते. ८०० वापरणार असाल तर तिला अर्थ आहे.

मोठे सस्तन प्राणी, तेही संध्याकाळी, हा तुमचा विषय असेल तर लांब पल्ल्यापेक्षा कमी एफ नंबर कामाला येतो. तिथे ७०-२०० एफ/२.८ सारखी लेन्स, जी पक्षीवाल्यांना आखूड वाटते, ती भाव खाऊन जाते. एफ/२.८ आणि एफ/५.६ मध्ये पूर्ण दोन स्टॉप आहेत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आयएसओ १२८०० च्या जागी ३२०० लावता येणं म्हणजे काय, हे काळोख पडताना फोटो काढणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

जवळचं टोक

सगळे ४०० आणि ६०० ची चर्चा करतात. १०० आणि २०० मधला फरक दुप्पट आहे, तरी त्याकडे लक्ष कमी जातं.

तीन मीटर उंचीचा हत्ती २० मीटरवर आला. २०० मिमीवर त्याची प्रतिमा ३० मिलिमीटर उंच होते आणि आडव्या फ्रेमची उंची असते २४. पाय कापले जातात, नाहीतर पाठ. १०० मिमीवर तो १५ मिलिमीटरचा होतो, भोवतालचं गवत, आभाळ, शेजारचं पिल्लू सगळं येतं. वाहनातून फोटो काढताना मागे सरकायची सोय नसते आणि लेन्स बदलायला वेळ नसतो. मला स्वतःला प्राणी त्याच्या अधिवासासकट दाखवणारे फोटो फार मोलाचे वाटतात. नुसत्या चेहऱ्यांनी भरलेल्या संग्रहात तो प्राणी कुठे राहतो हेच हरवतं. २०० पासून सुरू होणारी एकच लेन्स घेऊन निघालात तर असे फोटो हातून सुटतात, किंवा दुसरी बॉडी जवळ लागते.

फुलपाखरं आणि चतुर यांच्यासाठी जवळून फोकस होणं लागतं. सोनीची १००-४०० ०.९८ मीटरपर्यंत फोकस करते आणि ०.३५ पट प्रतिमा देते. निकॉनच्या झेड १००-४०० मध्ये ०.३८ पट मिळते, कॅननच्या आरएफ १००-५०० मध्ये ०.३३. सोनीची २००-६०० मात्र २.४ मीटरच्या आत येऊ देत नाही आणि ०.२ पटीवर थांबते. सहा सेंटिमीटर पंखांचं फुलपाखरू सोनीच्या १००-४०० मध्ये २१ मिलिमीटर दिसेल, २००-६०० मध्ये १२. पक्षी दिसला नाही तर चतुराचे फोटो काढणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी १००-४०० घराण्याची ही बाजू फार भक्कम आहे.

वजन, लांबी आणि हात

सोनी १००-४०० चं वजन १३९५ ग्रॅम, निकॉनच्या झेड १००-४०० चं १३५५, कॅनन १००-५०० चंही त्याच्या आसपास. दुसऱ्या घराण्यात सोनी २००-६०० २११५ ग्रॅम, निकॉन १८०-६०० १९५५, कॅनन २००-८०० २०५०. (ट्रायपॉडचा पाय काढता येतो तिथे तो वगळून.) तिसऱ्या घराण्यात सोनीची ६०० एफ/४ ३०४० ग्रॅमची आहे आणि तिच्या जातीत ती हलकी मानली जाते.

कागदावर ७०० ग्रॅमचा फरक फार वाटत नाही. पण ते वजन डोळ्यापाशी धरून, हात पुढे करून, घार कधी वळेल याची वाट बघत उभं राहायचं असतं. हात भरून आले की माणूस कॅमेरा खाली घेतो आणि नेमकी तेव्हाच ती वळते. पायी हिंडणाऱ्यासाठी दीड किलोच्या आतली लेन्स आणि दोन किलोची लेन्स यांत दिवसाच्या शेवटी मोठा फरक पडतो. वाहनाच्या खिडकीवर बीन बॅग टाकून किंवा लपणीत ट्रायपॉडवर बसून काम करणाऱ्याला तो जाणवतही नाही. म्हणून ‘कुठली लेन्स चांगली’ या प्रश्नाआधी ‘तुम्ही चालता की बसता’ हे विचारायला हवं.

लांबीचंही तसंच. सोनी १००-४०० बंद स्थितीत २०५ मिलिमीटर आहे आणि झूम करताना बाहेर येते. २००-६०० कायम ३१८ मिलिमीटर राहते, कारण तिचं झूम आतल्या आत होतं. पिशवीत पहिली सोयीची. वापरताना मात्र दुसरीचा तोल बदलत नाही, आणि झूमची रिंग थोडीशी फिरवली की या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येतं. उडत्या पक्ष्यामागे जाताना हे फार सुखाचं आहे. आधी २०० वर पक्षी शोधायचा, फोकस बसला की ६०० वर जायचं. ४०० मिमीला फ्रेमच्या कर्णावर साधारण ६.२ अंश दिसतात आणि ६०० ला ४.१, म्हणून ६०० च्या प्राइममधून मोकळ्या आभाळात ससाणा शोधणं हे शिकायला वेळ लागणारं काम आहे. नवशिक्याने पहिली लांब लेन्स झूमच घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

यातले अपवादही सांगायला हवेत. निकॉनच्या ६०० एफ/६.३ प्राइममध्ये फेज फ्रेनेल नावाची काच वापरली आहे आणि तिचं वजन १३९० ग्रॅमच भरतं. दुसऱ्या घराण्याचा उजेड, पहिल्या घराण्याचं वजन. निकॉनची ४०० एफ/४.५ तर ११६० ग्रॅमची आहे. किंमत आणि झूम नसणं, हे दोन मोबदले द्यायची तयारी असेल तर चालणाऱ्यांसाठी यांच्यासारखं दुसरं काही नाही.

टेलिकन्व्हर्टर आणि क्रॉप सेन्सर

१.४ पट टेलिकन्व्हर्टर एक स्टॉप खातो, २ पट वाला दोन. १००-४०० ला १.४ पट लावला की टोकाला ५६० मिमी एफ/८ मिळतं. भागाकार करा: ७०. घराणं बदललं नाही. टेलिकन्व्हर्टर नवीन उजेड आणत नाही, असलेला उजेड जास्त पिक्सेलवर पसरवतो. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीवर हे उपयोगी पडतं, कारण तिथे पिक्सेलच कमी असतात. ४५ मेगापिक्सेलवर क्रॉप करून जवळपास तेच मिळतं, आणि ऑटोफोकसचा वेग शाबूत राहतो. ‘१००-४०० घेतो, लागेल तेव्हा टेलिकन्व्हर्टर लावून २००-६०० चं काम भागवतो’ हा बेत म्हणूनच अर्धाच जमतो. कॅननची १००-५०० घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तिच्यावर टेलिकन्व्हर्टर चढवला की झूम ३०० च्या खाली येऊच शकत नाही.

क्रॉप सेन्सरचंही, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचंही, असंच. १.५ पट लहान सेन्सरवर ४०० मिमी म्हणजे ‘६०० सारखी’ असं म्हणतात. दिसायला चौकट तेवढीच दिसते हे खरं. पण सेन्सरवर चिमणी ४ मिलिमीटरचीच पडते आणि उजेड ७१ मिलिमीटरच्या गोलातूनच येतो. मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरची ३०० एफ/४ चौकटीच्या हिशेबाने ६०० सारखी, पण आपल्या भागाकारात ७५. पहिल्या घराण्यातली एक उत्तम, आटोपशीर लेन्स म्हणून तिच्याकडे पाहावं. ६०० एफ/४ शी तिची तुलना लावू नये.

लांब लेन्सने न सुटणारं

तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत असते. दुपारी शंभर मीटरवरच्या हरणाचा फोटो ४०० ने काढा की ८०० ने, पिसाळलेली हवाच मोठी होऊन दिसेल. लेन्स खराब आहे असं समजून ती परत करायला निघालेल्यांनी एकदा तोच फोटो सकाळी, जमीन गार असताना काढून बघावा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सावरतं, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही. उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपासचा शटर लागतोच.

आणि एक बाजू जी मला मनापासून महत्त्वाची वाटते. पक्षी मान ताठ करून तुमच्याकडे बघायला लागला, चरायचं थांबला, सारखा जागा बदलायला लागला तर तुम्ही त्याच्या हद्दीत शिरलेले आहात. लांब लेन्सचा सर्वांत चांगला उपयोग तिथून दोन पावलं मागे जाण्यासाठी आहे. घरट्याजवळ तर कुठलीच लेन्स पुरेशी लांब नसते.

ठरवायचं कसं

आधी स्वतःचे जुने फोटो उघडा. फोटोच्या माहितीत फोकल लेंथ नोंदलेली असते आणि बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तिच्यानुसार फोटो गाळता येतात. सगळे फोटो मोजू नका, आवडलेले आणि ठेवलेले मोजा. १००-४०० असेल तर त्यातले किती नेमके ४०० वर काढलेत? त्यांतल्या किती फोटोंत तुम्ही नंतर निम्म्याहून जास्त भाग कापून टाकला? बहुतेक फोटो ४०० वर काढलेले आणि शिवाय कापलेले, असं निघालं तर तुम्हाला दुसरं घराणं हवं आहे आणि १००-५०० घेऊन समाधान होणार नाही. फोटो १०० ते ४०० मध्ये विखुरलेले असतील तर आहे ती लेन्स तुमच्या कामाची आहे, पैसे प्रवासावर खर्च करा.

एकच लेन्स घ्यायची आणि मुख्य ओढ पक्ष्यांकडे असेल, तर मी १८०-६०० किंवा २००-६०० च्या बाजूने आहे. पायी भटकंती, फुलपाखरं, अधूनमधून मोठे प्राणी असा मिश्र मामला असेल तर १००-४०० किंवा १००-५००, आणि या दोघींत जी तुमच्या बॉडीला बसते ती. दोन लेन्स ठेवायच्या तर घराणी वेगळी असू द्या: ७०-२०० एफ/२.८ सोबत २००-६०० ही जोडी छान जमते, १००-४०० सोबत ६०० प्राइमही. १५०-६०० आणि २००-६०० दोन्ही बाळगण्यात मात्र काही हशील नाही. १००-४०० आणि २००-६०० दोन्ही असलेल्यांना लोक उगाच बोलतात. एक चालण्यासाठी आणि एक बसण्यासाठी, अशी ती विभागणी असू शकते.

घेण्याआधी दोन्ही लेन्स भाड्याने किंवा ओळखीतून एका संध्याकाळपुरत्या मिळाल्या तर चाचणी अशी करा. पक्ष्याच्या पिसासारखी बारीक रेघांची एखादी वस्तू १५ मीटरवर ठेवा. उजेड उतरायला लागला की दोन्ही लेन्स आपापल्या लांब टोकाला नेऊन, पूर्ण उघड्या ठेवून, हातात धरून, सारख्याच शटर स्पीडने फोटो काढा. प्रत्येकीने बरेच काढा, एका फोटोवरून काही कळत नाही. मग दोघींना ४०० वर आणून तेच पुन्हा. लक्षात घ्या, १००-४०० साठी ४०० हे टोक आहे आणि २००-६०० साठी मधला भाग, आणि झूम लेन्स बऱ्याचदा टोकापेक्षा मध्यावर जास्त धारदार असतात. घरी आल्यावर वस्तू दोन्ही फोटोंत सारख्या आकाराची होईल असं क्रॉप करा, आणि मगच पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून रेघा बघा. त्याच संध्याकाळी प्रत्येक लेन्स अर्धा तास उडत्या पक्ष्यांमागे फिरवा. शेवटच्या दहा मिनिटांतले फोटो पहिल्या दहा मिनिटांतल्या फोटोंशी ताडून बघितले की हात किती टिकले तेही कळेल.